देशाचा नेता कसा हवा? आणि मशीनवर त्याचं नावच नसतं, त्याचं काय?

फोडणीची पोळी:
मंडळी, धागा लांबडा होणारे, चहा घेऊन बसा.

परवा लेकाचं मतदार ओळखपत्र पोस्टाने आलं. फोटोत नेहमीप्रमाणे चोर दिसतोय, ते सोडा. रात्री जेवताना म्हणाला, आई तू नक्की काय बघून मत देतेस? मी तोंडाला येईल ते सुरू केलं, की माणूस स्वच्छ हवा, शिकलेला हवा, निर्णय घ्यायची धमक हवी, गरिबाची जाण हवी, बाहेर देशात गेला तर आपली मान खाली जाऊ नये, वगैरे वगैरे. तो वरणभात कालवत सगळं ऐकून घेतोय आणि शेवटी म्हणतो, "हे सगळं पंतप्रधानाचं झालं. आपल्या मशीनवर पंतप्रधान कुठे असतो?" नवरा लगेच "बरोबर बोलतोय तो" म्हणून ताक प्यायला मोकळा. आणि मला खरंच आठवेना, की २०२४ ला आमच्या मशीनवर पहिली दोन-तीन सोडली तर बाकी नावं कुणाची होती. मी त्यांच्यातल्या एकाबद्दलही काही वाचलं नव्हतं आणि वर लोकांना मतदान करा म्हणून फॉरवर्ड पाठवत होते!

दुसरी गोष्ट. पुण्याचं मतदान १३ मे ला होतं, सोमवारी. शनिवार दुसरा, मग रविवार, मग ही सुट्टी. आमच्या सोसायटीचं पार्किंग रिकामं, सगळे महाबळेश्वर नाहीतर काशीद. आणि आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी त्याच्या आधीच्या आठवड्यात, ७ मे ला, लातूरकडे त्यांच्या गावी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने जाऊन मत देऊन आल्या. दोन दिवसांचा खाडा, तिकीट स्वतःच्या खिशातनं, वर ते ऊन. मी म्हटलं मावशी एका मतासाठी एवढं? तर म्हणाल्या, "ताई, मत नाही टाकलं की माणूस मेल्यात जमा. यादीवाला टिकच मारत नाही."

तर तुम्ही काय बघता, आणि देशाचा नेता मनात धरून गल्लीतल्या नावासमोरचं बटण दाबता तेव्हा हा सांधा कसा जुळवता? पक्षांची भांडणं कृपया नकोत, त्याला बाकीचे सतराशे साठ धागे आहेत.

तिरकस:
पहिला!
नेता कसा हवा: उंच, निर्व्यसनी, उच्चशिक्षित, स्वतःचा वन बीएचके, आईवडिलांची जबाबदारी नसलेला. पत्रिका बघत नाही पण मंगळ नको.
(दिवे घ्या)

संपादक:
धागाकर्तीने म्हटलंय तेच परत. कुठल्याही हयात नेत्याचं किंवा पक्षाचं नाव घेऊन आरती वा शिमगा केलात तर प्रतिसाद उडेल.

राजापुरी:
छान धागा. मी बघतो ते एवढंच, की माणसाने सत्तेत असताना कुणाच्या बुडाखाली काय दिलं. शब्दशः म्हणतोय. मधु दंडवते आमच्या राजापूरचे खासदार, ७७ ला रेल्वेमंत्री झाले. तेव्हा सेकंड क्लासला झोपायला नुसत्या लाकडी फळ्या होत्या. त्या माणसाने त्यावर दोन इंच फोम घातला. फर्स्ट क्लास बंद करा वगैरे भाषणं ठोकली नाहीत, गरिबाच्या पाठीला जे टोचत होतं तेवढं काढलं. माझी आई सांगायची की पहिल्यांदा त्या बर्थवर झोपली तेव्हा तिला वाटलं चुकून वरच्या वर्गात चढलो की काय, आणि टीसी येईपर्यंत ती टक्क जागी होती.

मूळचे अहमदनगरचे, मुंबईत सिद्धार्थ कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, म्हणजे कोकणी माणसाला तसे परकेच. त्यांच्या आधी नाथ पै. कोकणाने या माणसांना जात, पैसा, गाव न बघता निवडून दिलं. धागाकर्तीताई, सांधा म्हणता तो आमच्याकडे असा जुळला होता, खासदार आणि देशाचा नेता एकच माणूस होता.

सावजी:
राजापुरी भाऊ, पण ९१ ला पाडलं कोणी मग त्यांले? 😀

राजापुरी:
आम्हीच. ७१ पासून पाच वेळा निवडून दिलं आणि कोकण रेल्वेचं महामंडळ उभं राहून वर्ष होतं न होतं तोच पाडलं. ९८ ला पूर्ण मार्गावर गाडी धावायला लागली तेव्हा गावात हारतुरे घेऊन जे उभे होते त्यात ९१ चे बरेच जण होते. ते दुखणं आहे, काढू नका.

तिरकस:
आता गंभीर होतो. गुण बघून मत देतो म्हणणाऱ्या सगळ्यांनी १९५२ आठवावं. शिकलेला, अभ्यासू, ठाम, गरिबाची जाण असलेला, ताईंच्या यादीतलं सगळं शंभर टक्के भरलेला उमेदवार उत्तर मुंबईत उभा होता, नाव भीमराव रामजी आंबेडकर. पडले. निवडून आले ते काजरोळकर, आज त्यांचं नाव क्विझवाले सोडून कुणाला माहीत नाही. तेव्हा मतदाराला हे गुण हवे असतात ही आपण स्वतःबद्दल पसरवलेली अफवा आहे.

सावजी:
आणि ५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत बी पाडलं. आमच्याइकडचं पाप आहे ते, मुंबईवाल्यांनी एकट्यानं घेऊ नये.

बाकी मशीनवर पंतप्रधान नसते म्हणते पोरगा, तर आमच्या रामटेकचा किस्सा ऐका. नरसिंह राव ८४ ला आणि ८९ ला आमच्या रामटेकवरून निवडून गेले. आंध्रातला माणूस, मराठी मात्र झकास बोलत होता. दोनदा आम्ही निवडून दिलं, तेव्हा पंतप्रधान नाही झाले. ९१ ला उभेच नाही राहिले, तर पंतप्रधान झाले! मग नंद्यालहून पोटनिवडणूक लढून लोकसभेत गेले. आता सांगा, त्या साली देशात कोणत्या मतदारानं नरसिंह रावांना पंतप्रधान करतो म्हणून शिक्का मारला होता? एकानंही नाही. आणि आज लोक त्यांच्याच काळातल्या आर्थिक सुधारणांचे गुण गाऊन राहिले.

आकडेमोड्या:
सावजींना अनुमोदन. ९६ चे देवेगौडाही तसेच. मनमोहन सिंग दहा वर्षं पंतप्रधान होते ते आसाममधून राज्यसभेवर, म्हणजे लोकसभेच्या एकाही मशीनवर त्यांचं नाव नव्हतं. ९९ ला दक्षिण दिल्लीतून उभे राहिले होते तेव्हा लोकांनी पाडलं होतं. घटनेप्रमाणे आपण ५४३ माणसं पाठवतो, ज्याच्यामागे त्यांचं बहुमत तो पंतप्रधान. बाकी सगळं बॅनरवरचं.

फोडणीची पोळी:
हे वाचून मी आणखीनच गोंधळले. म्हणजे मी नेत्याचे गुण बघूच नयेत का? आणि इतकं सगळं असेल तर १३ मे ला महाबळेश्वरला गेलेले शहाणे म्हणायचे का?

खरंबोलू:
शहाणेच. कोण निवडून येणार ते लक्ष्मीदर्शनाच्या रात्री ठरतं. लोकसभेला उमेदवाराची खर्चाची मर्यादा ९५ लाख आहे म्हणे, ९५ लाखात एका तालुक्याची जेवणावळ तरी होते का. तुमच्या त्या शिकल्यासवरल्या सोसायट्या पण काही कमी नाहीत. आमच्या सोसायटीचं शिष्टमंडळ एका इच्छुकाकडे गेलं होतं, मागणी काय तर पेव्हर ब्लॉक आणि गच्चीला वॉटरप्रूफिंग. झोपडपट्टीतल्या बाईने पाचशे घेतले की ती विकली गेली, आणि आपण चार लाखांचं वॉटरप्रूफिंग घेतलं की तो विकास. मी 'नोटा'चं, म्हणजे वरीलपैकी कुणीच नको, ते बटण दाबतो आणि घरी येतो.

जोगेश्वरी_स्लो:
वॉटरप्रूफिंगला ठ्ठो!! आमच्याकडे सीसीटीव्ही होते.

पण नोटाने काय होतं दादा? २०२४ ला इंदूरला नोटाला दोन लाखांच्या वर मतं पडली, तरी खासदार झालाच की. लोकसभेला नोटा नुसता मोजतात, त्याने कुणी पडत नाही. त्याच वर्षी सुरतला तर बिनविरोध झालं, तिथल्या लोकांना नोटा दाबायलासुद्धा मशीन मिळालं नाही.

आता आमची कथा. वायव्य मुंबई. २० मे, सोमवार, घामाच्या धारा. मी सकाळी साडेसातला रांगेत उभी राहिले, पुढे हलेचना. मोबाइल आत चालत नाही म्हणून बाहेर वाद, ठेवायला जागा नाही, एक बाई म्हणाली मी एकटी आलेय फोन कुणाकडे देऊ, रांगेतल्या अनोळखी मुलाकडे देऊन आत गेली (परत मिळाला, मुंबई आहे!). माझ्या पुढचे दोघे कंटाळून दुपारी येतो म्हणून गेले. मी पावणेदहाला शाई लावून बाहेर. ४ जूनला निकाल लागला तेव्हा आमच्या मतदारसंघात फरक किती, तर ४८. साडेचार लाखांच्या वर मतं दोघांनाही, आणि फरक ४८!! मला त्या दोघांचे चेहरे अजून आठवतात. आले असतील का हो दुपारी?

आकडेमोड्या:
मी जरा वाईटपणा घेतो. "एका मताने फरक पडतो" हे आपण पोरांना सांगतो आणि ती मनातल्या मनात हसतात, कारण त्यांना गणित येतं. २००८ ला राजस्थानात नाथद्वाऱ्याला सी. पी. जोशी ६२,२१५ मतांवर थांबले आणि समोरच्याला ६२,२१६. मुख्यमंत्रीपदाच्या शर्यतीतला माणूस एका मताने घरी. ९९ ला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० ने पडलं, पण ती खासदारांची मतं. अशी उदाहरणं लक्षात राहतात कारण ती विरळा आहेत. बहुतेक ठिकाणी फरक हजारांत नाहीतर लाखांत असतो, तुमचं एक मत असलं काय नि नसलं काय.

तरीही मी दर वेळी जातो त्याचं कारण वेगळं आहे आणि ते मला एका कार्यकर्त्याने शिकवलं. निकालानंतर फॉर्म २० येतो, केंद्रवार मतांचा तक्ता. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या साइटवर कुणालाही बघता येतो. कुठल्या शाळेतल्या कुठल्या खोलीत किती मतं पडली आणि कुणाला किती, सगळं. तुम्ही कुणाला दिलं ते कळत नाही, पण तुमच्या चार बिल्डिंगा मिळून किती जण बाहेर पडले ते उघडं असतं. पक्षाच्या ऑफिसात हा तक्ता छापून भिंतीला लावतात, त्यावर स्केचपेनने खुणा करतात. ज्या खोलीत ३५ टक्के मतदान तिथली माणसं पाण्याची तक्रार घेऊन गेली की चहा मिळतो, पाणी मिळत नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, चहासकट.

तेव्हा ताई, तुमच्या मावशी जे म्हणाल्या ना, मेल्यात जमा, ते मी या तक्त्यावर अक्षरशः बघितलंय.

फोडणीची पोळी:
बाप रे. आकडेमोड्या, हे मला माहीतच नव्हतं. आत्ताच आमच्या केंद्राचा तक्ता काढून बघितला. आकडा इथे लिहीत नाही, लाज वाटते.

मेलबर्नचा मध्या:
इकडे मत न दिलं तर दंड, २० डॉलर. कायदा १९२४ चा. मतदान शनिवारी, शाळेत, आणि बाहेर पालकसभेचे लोक सॉसेज भाजून ब्रेडमध्ये घालून विकतात, शाळेला निधी. आम्ही शाकाहारी त्यामुळे आमच्या वाट्याला ब्रेड आणि कांदा. नागरिकत्व घेतल्यावर पहिल्यांदा गेलो तेव्हा बायको म्हणाली हे तर जत्रेसारखं आहे, फक्त पाळणा नाही. ९० टक्क्यांच्या आसपास मतदान होतं. दंडाच्या भीतीने होतं असं नाही, सवयच झालीय.

पण सांध्याच्या मुद्द्यावर सांगतो, इथेही मतपत्रिकेवर पंतप्रधान नसतो. २०१० ते २०१८ या आठ वर्षांत इथे चार वेळा पंतप्रधान मधेच बदलला आणि चारही वेळा निवडणूक न होता, पक्षाच्या खासदारांनीच खोलीत बसून बदलला. केव्हिन रड गेला गिलार्ड आली, गिलार्ड गेली परत रड, मग अ‍ॅबट जाऊन टर्नबुल, टर्नबुल जाऊन मॉरिसन. लोक चेहरा बघून मत देऊन आले आणि सकाळी उठून बघतात तर चेहरा दुसराच! तेव्हापासून माझे शेजारी, पक्के ऑसी आजोबा, म्हणतात की मी लीडर बघत नाही, लीडरला काढायची वेळ आली तर आपला खासदार कुठे उभा राहील ते बघतो.

खरंबोलू:
देश सोडून गेलेल्यांनी आम्हाला शिकवू नये.

मेलबर्नचा मध्या:
शिकवत नाहीये, कांदा-ब्रेडची व्यथा सांगतोय. आणि जाता जाता, पासपोर्ट भारताचाच ठेवून बाहेर राहणाऱ्यांना फॉर्म ६अ भरून नाव घालता येतं, फक्त मत द्यायला स्वतः तिथे जावं लागतं. माझा भाऊ दुबईला आहे, २०२४ ला रजा टाकून सांगलीला गेला होता. आई म्हणाली माझ्या आजारपणात नाही आलास.

खरंबोलू:
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

आज्जीची पिशवी:
वाचतेय सगळं. मी सत्तरी ओलांडलेली बाई, जरा जुनं सांगते. माझ्या आईचं पहिलं मतदान ५२ चं. तेव्हा याद्या करायला माणसं दारोदार गेली तर बायका स्वतःचं नावच सांगायच्या नाहीत. अमक्याची आई, तमक्याची बायको. सुकुमार सेन म्हणून पहिले निवडणूक आयुक्त होते, त्यांनी सांगितलं की असं चालणार नाही, बाईने तिचं नाव सांगितलंच पाहिजे, आणि देशभरात जवळजवळ २८ लाख बायकांची नावं यादीतून निघाली. उत्तरेकडे जास्त. आमच्या आजोबांनी आईला बजावलं होतं की नाव विचारलं तर स्पष्ट सांग. ती सांगायची, की सासरी आल्यापासून परक्या माणसासमोर तिने स्वतःचं नाव उच्चारलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची, ज्याला द्यायचं त्याच्या पेटीत चिठ्ठी टाकायची.

नेत्याचं म्हणाल तर शास्त्रीजी. पासष्ट साली आठवड्यातलं एक जेवण सोडा म्हणाले तेव्हा मी लहान होते, आमच्या घरी खरंच चूल पेटायची नाही त्या वेळेला. आई आम्हा पोरांना गुपचूप शेंगदाणे-गूळ द्यायची. आता कुणी तसं म्हटलं तर लोक सोडतील का जेवण? आधी विचारतील तुम्ही सोडलंत का, फोटो दाखवा.

तिरकस:
आजी, फोटो दाखवतील पण. सहा अँगलने.

पण मला एक सांगा, शास्त्रीजींचा रेल्वेचा राजीनामा हे ५६ चं उदाहरण आपण अजून किती वर्षं पुरवून खाणार? अरियालूर अपघाताला सत्तर वर्षं होत आली. प्रत्येक अपघातानंतर प्रत्येक पेपरात तेच. त्याच साली आपल्या चिंतामणराव देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावरून अर्थमंत्रीपद सोडलं. एका वर्षात दोन, आणि पुढचं उदाहरण शोधायला बसलं की चष्मा पुसावा लागतो.

खडूडस्टर:
धागा वाचून हात शिवशिवले, म्हणून लिहितो. मी माध्यमिक शिक्षक, सातारा जिल्हा. सात-आठ निवडणुका केल्यात, गेल्या तीन वेळा केंद्राध्यक्ष. नेता कसा हवा यावर माझ्याकडे थिअरी नाही, पण एक दिवस सांगतो, २०२४ चा ७ मे.

आदल्या दिवशी तालुक्याला साहित्यवाटप. मांडवात बसून कंट्रोल युनिट, बॅलट युनिट, व्हीव्हीपॅट (मताची चिठ्ठी छापणारं यंत्र) तपासून घ्यायचं, पन्नास प्रकारची पाकिटं, लाख, मेणबत्ती, शाईची बाटली, रबरी शिक्के. कुणाचं तरी एक पाकीट कमी भरतंच. मग एसटी. पाटण खोऱ्यातलं गाव, पोचेस्तोवर अंधार. झेडपी शाळेच्या वर्गात सतरंजी, डोक्यावर पाढ्यांचा तक्ता, कोतवालाने आणलेलं पिठलं-भाकरी. त्या गावातली निम्मी तरणी माणसं मुंबईत माथाडी, त्यांच्या गाड्या रात्री एक-दीडला येत होत्या, हॉर्न वाजवत. गाड्या कुणी केल्या ते विचारू नका.

पहाटे साडेपाचला अभिरूप मतदान. एजंटांसमोर किमान ५० मतं टाकायची, मोजायची, चिठ्ठ्यांशी ताळा करायचा, मग सगळं क्लिअर करून शून्य दाखवायचं आणि त्या चिठ्ठ्या काळ्या पाकिटात सील. ज्यांना मशीनबद्दल शंका आहे त्यांनी एकदा कुठल्याही पक्षाचे एजंट होऊन पहाटे येऊन बसावं. शंका जाईल असं म्हणत नाही, पण नक्की कशावर घ्यायची ते तरी कळेल.

साडेअकराच्या सुमाराला एक म्हातारी आली, नातवाचा हात धरून. नव्वदीची असेल. ८५ च्या वरच्यांना त्या वेळी घरून मत द्यायची सोय होती, विचारलं आज्जी फॉर्म नाही का भरला, तर म्हणाली घरात कशाला, हितं माणसं भेटत्यात. पहिल्या अधिकाऱ्याने नाव मोठ्याने वाचलं, तिने "हाय" म्हणून हात वर केला, शाळेत हजेरी देतात तसा. शाई लावायला बोट धरलं तर रापून काळं झालेलं, नखाच्या कडेला भेगा, त्यात माती. शाई धरेना. आमच्या मॅडमनी ओल्या फडक्याने ते बोट पुसलं, कोरडं केलं, मग काडी फिरवली. एवढा वेळ रांग थांबली होती, कुणी काही बोललं नाही.

नातवाला बाहेर थांबवलं, एकटी पुठ्ठ्याच्या आडोशाला गेली. बराच वेळ काहीच नाही. आणि मग आतून मोठ्यांदा, "आरं गुरुजी, ह्यात दिल्लीचा कंचा आन् आपला कंचा?"

एजंट हसायला लागले. मला आडोशाला जाता येत नाही, लांबूनच बोलायचं, आणि बोलायचं ते पण जपून. मी म्हटलं, "आज्जी, दिल्लीला जाणारा आपला निवडायचाय."

परत शांतता. मिनिटभर तरी असेल, मला तास वाटला. मग बीप. बाहेर येताना पदर सारखा करत म्हणाली, "मंग लई इचार कराय लागतो की रं."

संध्याकाळी मशीन क्लोज केलं, रजिस्टरच्या सह्या आणि मशीनचा आकडा जुळला, १७ क, म्हणजे पडलेल्या मतांच्या हिशेबाचा फॉर्म, भरून एजंटांना प्रती दिल्या. मशीन जमा करून घरी पोचायला पहाटेचे साडेतीन. भत्त्याबद्दल बोलत नाही. पण फोडणीताई, तुमच्या लेकाला त्या म्हातारीचं सांगा.

जोगेश्वरी_स्लो:
दिल्लीला जाणारा आपला ❤️ सर, साष्टांग.

राजापुरी:
सर, हे वाचून कळलं मला काय म्हणायचं होतं ते. दंडवते म्हणजे हेच, दिल्लीला गेलेले आपले.

आकडेमोड्या:
आता व्यवहाराचं. "आपला" कोण आहे ते बघायचं कसं, तर अर्ज भरताना उमेदवार शपथपत्र देतो, फॉर्म २६. गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण, सगळं. सुप्रीम कोर्टाच्या २००२ च्या निकालामुळे ही माहिती आपल्याला मिळायला लागली. आयोगाच्या साइटवर स्कॅन केलेली असते, अक्षर कधीकधी डॉक्टरांसारखं. मी आणि बाबा निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात रात्री बसून सगळ्यांची वाचतो, अपक्षांचीसुद्धा. बाबांचं आवडतं सदर म्हणजे "शेतजमीन". एका अपक्षाची एकूण संपत्ती एक सायकल आणि ११ हजार रुपये होती, डिपॉझिटचे २५ हजार आणले कुठून हा प्रश्न बाबांना अजून पडलाय.

आधीचा खासदार परत उभा असेल तर संसदेच्या साइटवर त्याने काय प्रश्न विचारले ते सापडतं. आणि कृपया त्याला गटाराचं विचारू नका. आपण खासदाराला ड्रेनेज विचारतो आणि नगरसेवकाला काश्मीर.

सावजी:
तेही विचारायले नगरसेवक पाहिजे ना भाऊ! २०२२ ला मुदत संपल्यावर किती वर्षं प्रशासकच होता. तेव्हा कोणी धागा नाही काढला.

खरंबोलू:
ओके, मी इथे जरा जास्त बोललो. मध्यादादा सॉरी. खरं कारण सांगतो. २०१९ ला वडिलांना घेऊन गेलो तर यादीत त्यांच्या नावावर "वगळले". मयत म्हणून कुणीतरी काढलं होतं. ७८ वर्षांचा माणूस समोर काठी टेकून उभा आणि कागद म्हणतोय मेला. ते बिचारे कर्मचारी तरी काय करणार. घरी येताना रिक्षात बाबा एकच वाक्य बोलले, "तुमची आई गेली तेव्हा तिचं नाव काढायला मला तीन चकरा मारायला लावल्या होत्या." परत फॉर्म ६ भरायला हवा होता, मी नाही भरला, रागात. पुढच्या निवडणुकीच्या आधी ते खरंच गेले. तेव्हापासून नोटा.

आज्जीची पिशवी:
अरे बाळा.

खडूडस्टर:
खरंबोलू, वाईट वाटलं. तुमचंच नाव आहे ना अजून यादीत, ते तरी आजच तपासा. दर निवडणुकीला मी अशी पाच-सहा माणसं परत जाताना बघतो, आणि मला त्यांना सांगायला काही नसतं.

खरंबोलू:
तपासलं. आहे. पत्ता जुना आहे, फॉर्म ८ भरतोय.

तिरकस:
या धाग्यावर माझी पंचाईत झालीय, टोमणा सुचेना.

फोडणीची पोळी:
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल वाटलं नव्हतं. काल रात्री लेकाला पूर्ण धागा वाचायला दिला. म्हातारीपाशी थांबला, काही बोलला नाही, मग विचारलं फॉर्म २६ कुठे मिळतो. आता बापलेक दोघं २०२४ च्या उमेदवारांची शपथपत्रं उघडून बसलेत, तेही निवडणूक होऊन गेल्यावर, आणि कुणाकडे किती तोळे सोनं यावर चर्चा चालू आहे.

आणि एक राहिलं. आज सकाळी मावशींना विचारलं, की मावशी तुम्ही एवढ्या लांब जाऊन मत देता, मग माणसात नेमकं काय बघता? म्हटलं इथे लिहीन, सगळे वाट बघतायत. त्यांनी लाटणं थांबवून माझ्याकडे बघितलं.

"मी कुणाला टाकलं ते मालकालासुद्धा सांगत नाही, तुम्हाला कशाला सांगू? आणि आज कणीक सैल मळलीय तुम्ही."